हार्ड डिस्कवरची रेघ आणि वेगाचा समज

संगणक शिकवताना काही गोष्टी इतक्या सहजपणे सांगितल्या जातात की त्यांचे कारण विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. त्यांपैकी एक अशी : हार्ड डिस्कचे निदान दोन भाग करावेत, ‘सी’ भागात विंडोज ठेवावे, ‘डी’ भागात आपली माहिती, असे केल्याने संगणक वेगाने चालतो आणि माहितीही सुरक्षित राहते. खासगी संगणकवर्गांच्या टिपांत हे असते, दुरुस्तीला येणारा तंत्रज्ञ हेच सांगतो आणि शाळेच्या संगणककक्षात वर्षानुवर्षे तसेच केले जाते. या विधानाची आम्ही येथे चिकित्सा करणार आहोत. ते सरसकट खोटे नाही, म्हणूनच ती करणे अधिक गरजेचे वाटते. त्याचा एक भाग कधीकाळी खरा होता, एक भाग अर्धाच खरा आहे आणि एका भागामुळे लोकांची बरीच माहिती आजवर कायमची गेली आहे.

पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, तळवडे, चाकणपर्यंतचा औद्योगिक पट्टा आम्ही या लेखात मुद्दाम डोळ्यांसमोर ठेवला आहे. येथल्या शाळेत संगणक हाताळणारा मुलगा किंवा मुलगी पुढे आयटीआय किंवा पदविका करून बऱ्याचदा सीएनसी यंत्रासमोर उभी राहते. त्या यंत्राच्या नियंत्रकातही डिस्क असते, तिचेही भाग केलेले असतात, आणि ते वेगासाठी केलेले नसतात. त्याकडे आपण शेवटी येऊ.

प्रथम या समजाला आधार कोठून मिळतो ते पाहू. संगणक मंद झाला की तंत्रज्ञ येतो, डिस्क पुसतो, तिचे दोन भाग करतो, विंडोज नव्याने घालतो आणि संगणक खरोखरच वेगाने चालू लागतो. बघणारा म्हणतो, भाग केल्याचा गुण आला. पण येथे दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या आहेत. दोनतीन वर्षांत साचलेले अनावश्यक प्रोग्रॅम, सुरुवातीलाच आपोआप चालू होणाऱ्या उपयुक्तता, कदाचित एखादा व्हायरस, हे सगळे पुसण्याने गेले. रुग्णाला औषधही दिले आणि आठ दिवस विश्रांतीही दिली, तर बरे वाटल्याचे श्रेय कोणाला द्यायचे? विज्ञानाच्या तासाला आपण एका वेळी एकच घटक बदलायला शिकवतो. संगणकाच्या तासाला तोच नियम विसरला जातो. डिस्क पुसून, भाग न करता, नुसते विंडोज नव्याने घातले तरी तोच अनुभव येतो.

आता डिस्कच्या आत पाहू. येथे आपण फिरत्या तबकडीची जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क विचारात घेत आहोत. शाळांतील बऱ्याच संगणकांत अजून तीच आहे. तबकडी मिनिटाला साधारणतः ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. तिच्यावर अतिशय जवळजवळ आखलेल्या वर्तुळाकार वाटा असतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. माहिती वाचणारे हेड एका दांडीच्या टोकाशी असते. तबकड्या एकाहून अधिक असल्या तर हेडही अनेक असतात, पण आपल्या नेहमीच्या डिस्कमध्ये ती सगळी एकाच जुडग्याला जोडलेली असतात आणि एकत्रच सरकतात. हवी ती माहिती मिळवायची म्हणजे आधी हेड त्या ट्रॅकवर न्यायचे, मग तबकडी फिरून हवा तो तुकडा हेडखाली येईपर्यंत थांबायचे. पहिल्या कामाला सरासरी ९ मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. दुसऱ्याचा हिशोब विद्यार्थी स्वतः करू शकतात. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला एका फेऱ्यास ८.३३ मिलिसेकंद लागतात. सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. दोन्ही मिळून सुमारे १३. म्हणजे विखुरलेल्या जागी असलेले लहान लहान तुकडे वाचायचे असतील तर अशी डिस्क सेकंदाला जेमतेम ७५ तुकडे वाचू शकते. उच्च माध्यमिक वर्गात संगणकशास्त्र घेणाऱ्यांना ‘सीक टाइम’ आणि ‘लेटन्सी’ हे शब्द व्याख्येपुरते ठाऊक असतात. त्यांचा ‘सी’ आणि ‘डी’शी काही संबंध आहे हे मात्र त्यांना क्वचितच सांगितले जाते.

भाग समजावताना बहुतेकजण घराचे उदाहरण देतात : एका मोठ्या खोलीऐवजी दोन खोल्या केल्या की वस्तू लवकर सापडतात. हे उदाहरण आम्हाला फसवे वाटते. दोन खोल्यांत दोन माणसे एकाच वेळी वावरू शकतात. डिस्कमध्ये हेडचे जुडगे एकच. त्यापेक्षा आपल्याच पट्ट्यातल्या कारखान्याचे लांबलचक गोदाम घ्यावे, ज्यात छताच्या रुळांवरून चालणारी एकच क्रेन आहे. गोदामाच्या मधोमध जमिनीवर पिवळ्या रंगाची रेघ मारली आणि अलीकडे ‘सी’, पलीकडे ‘डी’ असे फलक लावले, तर क्रेन दोन झाल्या काय? रेघ जमिनीवर आहे. क्रेनला ती ओलांडायला काहीच अडचण नाही, पण अंतरही वाचत नाही.

हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. डिस्कवर फक्त बारा ट्रॅक आहेत असे माना. १ ते १२ आकड्यांच्या चिठ्ठ्या करा. एक चिठ्ठी काढा, आकडा लिहा, चिठ्ठी परत टाका, पुन्हा काढा. लागोपाठच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे हेडने कापलेले अंतर. शंभरएक वेळा हे केले की सरासरी ४ च्या जवळ येईल. गणिताने ती १४३ भागिले ३६, म्हणजे ३.९७ येते. आता मध्ये रेघ मारू : १ ते ६ म्हणजे ‘सी’, ७ ते १२ म्हणजे ‘डी’. काम एकाच भागात चालले असेल तर प्रश्न दोन फाशांचा होतो. दोन फाशांवरील आकड्यांतल्या फरकांची ३६ घरांची कोष्टके आठवी-नववीची मुले भरू शकतात. त्या फरकांची बेरीज ७० येते आणि सरासरी १.९४. अंतर निम्म्यावर आले! भाग पाडण्याची बाजू घेणारे येथे थांबतात. पण काम दोन्ही भागांत आलटूनपालटून चालले तर? एका फाशावर ७ ते १२ आकडे चिकटवून पाहा : सरासरी फरक बरोबर ६ येतो, म्हणजे मूळच्या दीडपट. आणि निम्म्या वेळा हेड त्याच भागात राहिले, निम्म्या वेळा दुसऱ्या भागात गेले, तर १.९४ आणि ६ यांची सरासरी काय? ३.९७. जेथून निघालो तेथेच परत. यात योगायोग काही नाही. चिठ्ठ्यांना मधली रेघ दिसतच नाही.

तेव्हा प्रश्न रेघेचा नसून कामाच्या पद्धतीचा आहे. एखादे शिक्षक वर्ड उघडून प्रश्नपत्रिका तयार करीत आहेत असे समजा. वर्ड ‘सी’मध्ये, फाइल ‘डी’मध्ये, मुख्य स्मृती अपुरी पडली म्हणून विंडोज जी तात्पुरती फाइल वापरते ती ‘सी’मध्ये, आणि व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम दोन्हीकडे फिरतो आहे. हे आलटूनपालटूनच झाले. त्यात डिस्क अर्धीमुर्धी भरलेली असेल तर तोटा वाढतो. ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर विंडोज आणि प्रोग्रॅम मिळून ६० गिगाबाइट आणि माहिती ४० गिगाबाइट असेल, तर एकसंध डिस्कमध्ये ही सगळी साधारणपणे जवळजवळच्या ट्रॅकवर बसू शकते. तीच डिस्क मधोमध विभागली तर ‘डी’मधली माहिती अर्ध्या डिस्कपलीकडे सुरू होते आणि मधला रिकामा पट्टा हेडला दर वेळी ओलांडावा लागतो. (अंतर दीडपट झाले म्हणजे वेळ दीडपट होत नाही, हेही सांगायला हवे. हेडला वेग घ्यायला आणि ट्रॅकवर स्थिरावायला वेळ लागतो, आणि फिरण्याची वाट पाहणे तर आहेच.)

दुसऱ्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो रास्त आहे. तबकडीचा वेग कायम असल्याने बाहेरच्या लांब ट्रॅकवर एका फेऱ्यात आतल्यापेक्षा अधिक माहिती हेडखालून जाते. उत्पादक बाहेरच्या ट्रॅकचे अधिक तुकडे पाडतात, त्यामुळे बाहेरच्या कडेला सलग वाचनाचा वेग आतल्या कडेच्या सुमारे दुप्पट असतो. हार्ड डिस्कचे क्रमांक बाहेरून आत जातात. (सीडीचे उलट, ती आतून बाहेर भरते. हा फरक मुलांना आवडतो.) म्हणून पहिला भाग, म्हणजे बहुधा ‘सी’, वेगवान पट्ट्यात पडतो. मोठमोठे माहितीसाठे चालवणारे काही लोक याच कारणाने पूर्वी डिस्कचा फक्त बाहेरचा काही भाग वापरीत आणि उरलेला चक्क रिकामा सोडीत. वेग मिळे, पण जागेच्या मोबदल्यात. उरलेल्या भागाला ‘डी’ म्हणून तेथे रोजची माहिती ठेवायला लागलो की हेडचा फायदा संपला. सलग वाचनाचा तेवढा उरतो.

सल्ला जुना, कारण गेलेले

मग हा सल्ला आला कोठून? तो मूर्खपणातून आलेला नाही. १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटी या संगणकाबरोबर १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली आणि त्याच वर्षीच्या डॉस २.० मध्ये डिस्कचे भाग पाडण्याची सोय होती. त्या भागांची नोंद ठेवणाऱ्या कोष्टकात चारच ओळी होत्या, प्रत्येकी १६ बाइटच्या. हेतू हा की एकाच डिस्कवर वेगवेगळ्या कार्यप्रणाली नांदाव्यात. पुढे डिस्क मोठ्या झाल्या तेव्हा भाग पाडणे सक्तीचेच झाले, कारण डॉसच्या जुन्या आवृत्त्यांना ३२ मेगाबाइटपेक्षा मोठा भाग पेलत नसे.

१९९० नंतरच्या दशकात, आपल्याकडे कार्यालयांत आणि शाळांत संगणक येऊ लागले तेव्हा, एक वेगळे आणि खरोखर महत्त्वाचे कारण होते. फॅट-१६ या तेव्हाच्या पद्धतीत डिस्कच्या एका भागाचे जास्तीत जास्त सुमारे ६५,५०० कप्पे करता येत. २ गिगाबाइटचा एकच भाग ठेवला तर प्रत्येक कप्पा ३२ किलोबाइटचा होई, आणि एका कप्प्यात एकाच फाइलची माहिती राही. १ किलोबाइटच्या चिठ्ठीलाही ३२ किलोबाइटची पेटी! सरासरी दर फाइलमागे अर्धा कप्पा वाया जातो असे धरले तर १०,००० फायलींमागे सुमारे १६० मेगाबाइट जागा नुसत्या फटींत जाई. त्याच डिस्कचे ५०० मेगाबाइटचे चार भाग केले की कप्पा ८ किलोबाइटवर येई आणि नासाडी ४० मेगाबाइटवर. डिस्क महाग होत्या. ही बचत कोणालाही पटण्यासारखी होती. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट-३२ आली, कप्पे पुन्हा ४ किलोबाइटचे झाले. एनटीएफएस या आजच्या नेहमीच्या पद्धतीतही कप्पा सामान्यतः ४ किलोबाइटचाच असतो. कारण संपले. सल्ला मात्र टिपांतून टिपांत उतरत राहिला, आणि कारण गळाल्यामुळे त्याला ‘वेग वाढतो’ असे नवे कारण चिकटले.

आजच्या एसएसडीत तबकडी नाही, हेड नाही, बाहेरची-आतली कडही नाही. शिवाय आपण ज्याला डिस्कवरचा अमुक क्रमांक म्हणतो तो आतल्या चिपमध्ये नेमका कोठे आहे हे एसएसडीचा स्वतःचा नियंत्रक ठरवतो आणि झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून जागा बदलत राहतो. ‘सी’ आणि ‘डी’ची माहिती शेजारी शेजारी पडलेली असू शकते. रेघेला येथे भौगोलिक अर्थच उरत नाही. उलट एक नवा तोटा शिरतो. एसएसडी जवळजवळ भरली की तिचे लेखन मंदावते. आणि लहान ‘सी’ भरला की विंडोजला तात्पुरत्या फायलींना आणि सुधारणांना जागा उरत नाही. विंडोज ११ किमान ६४ गिगाबाइट जागा मागते, ही केवळ सुरुवातीची अट. ‘सी’ लाल रेषेपर्यंत भरलेला आणि ‘डी’ रिकामा, असे चित्र दिसणारा संगणक घरोघरी आहे. त्यावर ‘डी’ थोडा आखडून जागा ‘सी’ला द्यावी म्हटले तर विंडोजच्या स्वतःच्या साधनाने ते होत नाही; ‘सी’ला लागून उजवीकडची जागाच मोकळी असावी लागते, आणि आखडल्यावर मोकळी होते ती ‘डी’च्या शेपटाकडची.

गंमत अशी की भाग पाडण्याचा वेगाशी जो खराखुरा संबंध आहे तो सहसा कोणी शिकवीत नाही. तो आहे भाग कोठे सुरू होतो याच्याशी. विंडोज एक्सपी आणि त्याआधीच्या प्रणाली पहिला भाग ६३ व्या क्रमांकाच्या तुकड्यापासून सुरू करीत. तुकडा ५१२ बाइटचा. २०१० च्या सुमारास डिस्कचे खरे तुकडे ४,०९६ बाइटचे, म्हणजे जुन्या आठांइतके झाले, आणि एसएसडीची पानेही ४,०९६ बाइटची किंवा त्याच्या पटीतली असतात. ६३ ला ८ ने भाग जात नाही. परिणाम असा की कार्यप्रणालीचा प्रत्येक कप्पा दोन खऱ्या तुकड्यांवर विभागून पडतो आणि एक कप्पा लिहायला दोन तुकडे आधी वाचून, बदलून पुन्हा लिहावे लागतात. व्हिस्टापासून पुढच्या प्रणाली २,०४८ व्या तुकड्यापासून सुरुवात करतात; त्याला ८ ने पूर्ण भाग जातो. हे आजही लागू पडते ते अशा ठिकाणी, जेथे यंत्राशी जोडलेला जुना एक्सपीचा संगणक बदलता येत नाही आणि त्याची कुरकुरणारी डिस्क काढून जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर उतरवली जाते. लहान वर्कशॉपमध्ये हा प्रकार नवा नाही. तपासणे सोपे आहे. ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ या विंडोजच्या साधनात डिस्कच्या माहितीखाली भागाच्या सुरुवातीचा आकडा बाइटमध्ये दिलेला असतो. ३२,२५६ असेल तर ४,०९६ ने भागून पाहा : ७.८७५. १०,४८,५७६ असेल तर २५६. वर्गात विभाज्यता शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही.

‘डी’त ठेवले म्हणजे सुरक्षित?

वेगाचा समज चुकीचा असला तरी त्याने फार नुकसान होत नाही. विधानाच्या दुसऱ्या अर्ध्याने होते.

‘डी’त ठेवलेली माहिती एका संकटातून वाचते : विंडोज बिघडले आणि ‘सी’ पुसून ते पुन्हा घालावे लागले तर ‘डी’ला धक्का लागत नाही. हा फायदा खरा आहे आणि दुरुस्ती करणाऱ्याचे काम त्याने फार सोपे होते. (तोही पुरता मिळत नाही. ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’ हे दोन्ही कप्पे मुळात ‘सी’मध्ये असतात, जो ‘माझे सगळे डी’मध्ये आहे’ म्हणतो त्याच्या डेस्कटॉपवर किती फायली आहेत ते पाहावे.) पण तबकडी खराब झाली, विजेच्या झटक्याने डिस्कची विद्युत-पाटी जळाली, संगणक चोरीला गेला, तर ‘सी’ आणि ‘डी’ एकदमच जातात. खंडणी मागणारा व्हायरस आला तर तो अक्षरे पाहून थांबत नाही. दिसेल त्या भागातल्या फायली कुलूपबंद करतो. आणि तरीही ‘सी’तली फाइल ‘डी’त उतरवण्याला ‘बॅकअप घेतला’ असे म्हटले जाते. तिजोरीची किल्ली तिजोरीच्याच दुसऱ्या कप्प्यात ठेवण्यासारखे हे आहे.

शाळेच्या कार्यालयात यामुळे काय जाऊ शकते ते शिक्षकांना सांगायला नको : गुणपत्रके, प्रश्नपत्रिकांचे वर्षांचे संच, माजी विद्यार्थ्यांच्या नोंदी, छायाचित्रे. भोसरीतल्या चारपाच यंत्रांच्या वर्कशॉपमध्ये जातात ते यंत्राचे प्रोग्रॅम आणि रेखाचित्रे. आणि प्रोग्रॅम म्हणजे नुसती फाइल नसते, पहिले नग फुकट घालवून, मापे पुन्हा पुन्हा जुळवून तो बसवलेला असतो. ऑर्डर देणारी मोठी कंपनी डिस्क गेली म्हणून थांबत नाही. ज्या टिपा ‘माहिती सुरक्षित राहते’ एवढेच म्हणून पुढे जातात त्यांच्यावर आमचा मुख्य आक्षेप हा आहे. कोणत्या संकटापासून सुरक्षित, हे न सांगता ‘सुरक्षित’ म्हणणे अपुरेच नव्हे, धोक्याचेही आहे.

अक्षरांवरून डिस्क ओळखता येत नाही, हाही भाग यातच येतो. ‘सी’ आणि ‘डी’ ही एकाच डिस्कची दोन नावे असू शकतात किंवा दोन स्वतंत्र डिस्कची. एसएसडीवर कार्यप्रणाली आणि स्वतंत्र हार्ड डिस्कवर माहिती अशी रचना असेल तर वेगाचा फायदा खरा असतो, कारण तेथे खरोखरच दोन यंत्रणा एकाच वेळी काम करतात. पिवळी रेघ नव्हे, दुसरी क्रेन. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडले की ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ अशा वेगळ्या ओळी दिसतात. एकच ओळ असेल तर डिस्क एकच. त्याच चित्रात विंडोजने न विचारता केलेले लहान भागही दिसतील : सुरुवात करून देणारा एक, दुरुस्तीसाठी राखलेला एक. आपण ‘भाग न केलेली’ म्हणतो ती डिस्कही क्वचितच एकसंध असते.

आता यंत्राच्या नियंत्रकाकडे वळू. सीमेन्सच्या सायन्युमेरिक ८४०डी या नियंत्रकाबरोबर पीसीयू ५० नावाचा औद्योगिक संगणक येत असे. अशी यंत्रे वाहन-उद्योगात बऱ्याच ठिकाणी आहेत. त्याच्या डिस्कचे कारखान्यातूनच चार भाग केलेले असत : ‘सी’वर डॉस आणि देखभालीची साधने, ‘डी’वर डिस्कच्या संपूर्ण प्रतिमा आणि तात्पुरत्या फायली, ‘ई’वर विंडोज (आधी एनटी, पुढे एक्सपी), आणि ‘एफ’वर यंत्र चालवण्याचे प्रोग्रॅम. ही रचना वाचली की तिच्यामागचा विचार दिसतो. ‘ई’ बिघडला तर ‘सी’वरून संगणक सुरू करायचा, ‘डी’वरची प्रतिमा ‘ई’वर उतरवायची, आणि ‘एफ’ला हातही न लावता यंत्र पुन्हा कामाला लावायचे. येथे भाग पाडले आहेत ते बिघाड एका ठिकाणी कोंडण्यासाठी, वेगासाठी नाहीत. आजच्या अँड्रॉइड फोनमध्येही हाच विचार आहे. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून काही फोनमध्ये कार्यप्रणालीसाठी दोन जुळे भाग ठेवतात. एकावर फोन चालू असताना दुसऱ्यावर सुधारणा उतरते, आणि ती फसली तर फोन पहिल्यावरच राहतो. लिनक्स घालताना वापरणाऱ्यांच्या फायलींसाठी ‘होम’ हा वेगळा भाग करण्याची जुनी पद्धत आहे. तिच्याही मुळाशी हेच आहे. सी-डॅकची बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली २००७ मध्ये प्रथम आली, ती घालून पाहणाऱ्या शाळांनी हा अनुभव घ्यावा : प्रणाली पुसून पुन्हा घातली तरी मुलांची कामे जागेवर राहतात.

हा प्रश्न आत्ता पुढे येण्याला निमित्तही आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अनेक शाळांतले जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यांच्यावर लिनक्स घालायचे, की एसएसडी बसवायची, की दोन प्रणाली शेजारी नांदवायच्या, हे ठरवताना कोणीतरी डिस्कवर नव्या रेघा मारणार आहे. त्या मारण्याआधी सगळी माहिती डिस्कबाहेर काढावी लागते, कारण भाग पाडतानाची एक चूक सगळे कोष्टक पुसू शकते.

पीसीयू ५० मध्ये आणखी एक बारीक गोष्ट आहे. यंत्र हलवताना धक्के बसतात म्हणून तिच्या डिस्कला वाहतुकीसाठी एक खिट्टी दिलेली आहे. यंत्र जागेवर बसले की ती ‘चालू’ बाजूस फिरवावी लागते. चार भाग करणाऱ्यांनाही ठाऊक होते की चारही भाग एकाच तबकडीवर बसले आहेत. म्हणून जाणकार देखभाल-कर्मचारी ‘डी’वरच्या प्रतिमेची एक नक्कल नियंत्रकाबाहेर, कार्यालयातल्या कपाटात ठेवतो आणि तिच्यावर तारीख लिहितो. शाळेच्या संगणकाला खिट्टी नसते. कपाट मात्र असते.